आखाची जागा

एस्टीत एक घंटी वाजली की गाडी थांबती आन् दोन वाजल्या की निघती, हे कोणालाबी ठाऊक हाय. आमच्या घरातबी तोच कायदा व्हता, कारण आमचं घर म्हंजी मोडीत निघालेली एस्टीच व्हती. लिलावात घेतल्ती.

हसू नका. चांगलं घर व्हतं. ड्रायव्हरजवळचं एक सोडून सगळी बाकडी काढून टाकल्ती, खिडक्यांना छिटाचे पडदे लावल्ते. ड्रायव्हरच्या पाठीमागं रॉकेलचा स्टो, पिठाचा डबा, पाण्याचा पिंप, आन् वर फळीवर देव. घंटीची दोरी मात्र म्या काढू दिली न्हाई. ती छताखालून पार मागच्या काचेपर्यंत जायची, आन् मागच्या काचेखाली माझी बाज व्हती. गाडी चालू असताना ह्यायला काही सांगायचं झालं की मी दोरी ओढायची. तोंडानं सांगून उपेग न्हवता. त्या इंजनापुढं गळा फाडून वरडले तरी पुढं काही पोचायचं न्हाई, आन् माझा आवाज काही बारीक न्हाई, हे आष्टीपासून परतूरपर्यंत कोणालाबी विचारा.

आमचा धंदा पाळण्याचा. जत्रेत मोठा लाकडी रहाटपाळणा असतो न्हाई का, हातानं फिरवायचा, तो. फिरवायचे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, पर तुमचा घोळ होऊ न्हाई म्हणून एकदाच सांगते: कडूबा. माणूस कडू न्हाई, नुसता मुका. दिवसभराचं बोलणं आंघोळीच्या आधी संपवून टाकायचे, मंग राह्यलेला दिवस मुंडी हलवायची.

माझं काम पाळणा भरायचं. तुम्हाला वाटंल त्यात काय, लोक येत्यात आन् बसत्यात. बसतील बापडे! एका झुल्यात दोन जाड्या बाया बसल्या आन् समोरच्या झुल्यात दोन काडीपैलवान, तर फिरवणाऱ्याचे दंड निखळतील. वजनाला समोरून वजन लागतं. म्या तराजू कधी हातात धरला न्हाई, पर माणूस पुढं आला की मला त्याचं वजन कळतं. "ओ पाटील, तुम्ही हिकडं. तू गं, लेकरू घेऊन त्यायच्या समोर. तुम्ही दोघं भाऊ एका झुल्यात बसायचं न्हाई, घरी बसा एका ताटात." लोक हसायचे, पर बसायचे. माझे सासरे म्हणायचे, सगुणा भरती तवा पाळणा बोटानं फिरतो. त्यायच्या तोंडून कौतुक निघणं म्हंजी खडकाला पाणी लागणं, म्हणून मला ते लई गोड वाटायचं.

आता आखाचं सांगते. ज्या लोखंडी दांड्यावर सगळा पाळणा फिरतो तो आख. परतूरला कापसाची एक जुनी जिनिंग मिल मोडली तव्हा तिथला शाफ्ट सासऱ्यांनी मागून आणल्ता, त्याचा केल्ता. चार माणसांबिगर उचलत न्हाई. सासऱ्यांचा नेम एकच: आख मधी ठेवायचा, माणसं कडंला. बैलगाडीतून पाळणा न्यायचे तव्हापासूनचा नेम. मरताना ह्यायचा हात धरून पुन्हा तेच सांगितलं. त्यामुळं एस्टीतबी ऐन मधल्या जागी आख निजायचा, लाल कपड्यात गुंडाळून, हळदीकुंकू लावून. त्याला ओलांडायचं न्हाई, त्याच्याकडं पाय करून झोपायचं न्हाई. मधली जागा आखाची म्हणून माझी बाज गेली पार मागं, मागच्या चाकांच्याबी मागं. एस्टीच्या शेवटच्या बाकड्यावर बसून तुम्ही कधी गेला असाल, तर पुढचं मी सांगायची गरज न्हाई. माणूस बसतो कमी आन् उडतो जास्ती.

जालना जिल्हा नवा नवा झाल्ता तव्हाची गोष्ट. जिल्हा झाल्याची खबर रस्त्यांना काही लागली न्हवती. मी वर्सानुवर्स मागं उडत व्हते. गचका बसला की दोरी ओढायची. टण्. ह्यायनं वेग कमी करायचा, जरा पुढं गेलं की पुन्हा हायेच. मला वाटायचं, संसार म्हणल्यावर एवढं चालायचंच.

मंग एका जत्रेहून येताना असा खड्डा लागला की मी बाजेवरून वर गेले आन् खाली आले ती आडवीच. कमरेतून डाव्या पायात वीज गेल्यावाणी झालं. त्यानंतर चालताना डाव्या पायातली चप्पल गळून पडायची आन् मला कळायचंबी न्हाई. मागून कोणी तरी आणून द्यायचं, "मावशी, चप्पल." जालन्याच्या डॉक्टरनं फोटो काढला. म्हणला, मणक्यातली गादी सरकली, गचके बिलकुल बंद करा, न्हाईतर पाय जाईल. चांगला माणूस व्हता. त्याला म्या विचारलं, "आमचं घरच गचके खातं, त्याला काय करू?" त्या बिचाऱ्यानं गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली.

घरी आल्यावर, म्हंजी एस्टीत चढल्यावर, हे म्हणले, "पुष्पीकडं राहा."

पुष्पी आमची एकुलती लेक, आष्टीला दिलेली. जावई चांगला, घर चांगलं, ओसरी ऐसपैस. कशालाच नाव ठेवायला जागा न्हवती, त्याचाच मला जास्ती राग आला.

"किती दिवस?" म्या विचारलं.

हे बोलले न्हाईत. म्हंजी कायमचं.

"आन् तुम्ही?"

"मी फिरतो. धंदा हाय."

"पाळणा कोण भरंल?"

"कचरू भरंल."

कचरू आमचा गडी. कामाला वाघ, पर डावं कोणतं आन् उजवं कोणतं हे त्याला जेवायच्या हातावरून आठवावं लागायचं. कचरू भरंल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडं आदळायला गेले तर कमरेतून कळ आली, म्हणून तेबी जमलं न्हाई.

खरं सांगू का, पाळण्याचं नुसतं निमित्त. लगीन झाल्यापासून आम्ही दोघं एका छपराखाली झोपलो न्हाई असं कधी झालं न्हवतं. बाळंतपणालाबी मी माहेरी गेले न्हाई. पुष्पी जत्रेतच झाली, पाळण्याच्या मागं कनात लावून. हा माणूस बोलत न्हाई, मान्य. पर रातच्याला पुढच्या बाजूनं त्यायचा खोकला ऐकू आला की मला झोप लागायची. त्या ऐसपैस ओसरीत मी कोणाचा खोकला ऐकणार व्हते? माझा जीव तिथंच निम्मा झाला असता.

म्या म्हणलं, "घर गळायला लागलं तर माणूस घर शाकारतो. माणसाला बाहेर न्हाई काढत. गाडी सुधरा."

हे म्हणले, "जांबापर्यंत बघू. जांबाला जाताना घंटी वाजली, तर तिथून सीधं आष्टी."

जांब समर्थाची रामनवमीची जत्रा तोंडावर आल्ती. तेवढ्यात गाडी सुधरायची. न्हाई सुधरली, तर सगुणाबाई ओसरीवर. मी म्हणलं, ठरलं.

परतूरला स्टेशनाच्या रस्त्याला ख्वाजामियाँचं दुकान व्हतं. दुकान म्हंजी एक कडुनिंब, खाली भट्टी, आन् जिकडं तिकडं लोखंडी पाटे. चाकाच्या वरती एकावर एक रचलेल्या ज्या लोखंडी कमानी असत्यात, ज्यायच्यावर गाडीचा भार झुलतो, ते पाटे. सगळ्या तालुक्याच्या ट्रका त्याच्याकडं यायच्या. माणूस लांब दाढीचा, हळू बोलायचा, आन् गाडीच्या खाली गेला की तिथूनच गप्पा मारायचा.

गाडीखालून त्याचा आवाज आला, "भाभी, ही गाडी साठ माणसाच्या वजनाला बनवेली हाय. तुम्ही हिच्यात दोघं अन् लाकडं. पाटे दबतच न्हाईत. मंग गचका जाणार कुठं? सीधा तुमच्या कंबरेत."

हे म्हणले, "काढा पाटे."

"एकेक काढू. एक काढला की चालवून बघू."

"तीन काढा."

"कडूबाभाऊ, जल्दी कशाला?"

"जांब आलंय जवळ. काढा तीन."

ह्यायला घाई कशाची व्हती ते मला तव्हा कळलं न्हाई. मला वाटलं, कटकट मिटवायचीय. ख्वाजामियाँनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ह्यायच्याकडं, आन् काढले तीन.

दुसऱ्या दिवशी आष्टीच्या रस्त्याला गाडी काढली. काय सांगू तुम्हाला! पहिल्या खड्ड्याला गाडी अशी दबली जशी पिंजलेल्या कापसावर बसली. मी खूष. मनातल्या मनात ख्वाजामियाँला साडेचार शिव्या दिल्त्या त्या परत घेतल्या. मंग वळण आलं.

पाळण्याची सगळी जड लाकडं आम्ही टपावर बांधायचो, पहिल्यापासून. वळणावर गाडीनं आधी उजवीकडं मान टाकली, मंग डावीकडं, मंग तिला ती मान सावरताच येईना. माझी बाज हिकडून तिकडं घसरत गेली. पिठाचा डबा उलटा, पिंप आडवा, आन् फळीवरचा खंडोबा सीधा येऊन माझ्या मांडीवर. समोरून येणारा ट्रॅक्टरवाला उडी मारून पळालेला म्या खिडकीतून बघितला. दोरी हाताला लागंना. लागली तव्हा म्या ती सोडलीच न्हाई, टण्‌टण्‌टण् वाजवत राह्यले.

गाडी थांबली. हे धावत मागं आले. मी पिठानं पांढरीफटक, पदरात देव घेऊन बसलेली. ह्यायच्या तोंडचं पाणी पळालं.

म्या म्हणलं, "मेले न्हाई अजून. देवाला धरा."

परत दुकानात गेलो तर ख्वाजामियाँ हसलाबी न्हाई. म्हणला, "म्हणून म्हणलं व्हतं. कडक केली की उडवती, नरम केली की डुलती. दोन्हीच्या मधी कुठं तरी हिची तबियत हाय, ती हळूहळू शोधावी लागती." मंग त्यानं बराबर काम केलं. दोन पाटे परत घातले. पाट्यांच्या टोकाचे झिजलेले बुश बदलले, गचके झेलणारे जंपर नवे टाकले, ग्रीस भरलं, चाकातली हवा थोडी उतरवली. टपावरची जड लाकडं खाली घेऊन तळाला, आखाच्या दोन्ही अंगांना लांबीत ठेवायला लावली, आन् टपावर नुसते झुले आन् कनात. गाडी डुलायची थांबली. वळण घेताना अशी गेली जशी पाटलाची सून देवळात जाती.

पर मागं? मागं मी उडतच व्हते. आधीपेक्षा कमी, पर उडत व्हते. परतूरच्या बाहेर रेल्वेचं फाटक ओलांडताना असा दणका बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली. मी दात आवळून पडून राह्यले. मंग दुसरा बसला. हात आपोआप दोरीवर गेला.

टण्.

हे आले, माझ्याकडं बघितलं, आन् म्हणले, "आष्टी."

त्या दिवशी मी भांडले न्हाई. ख्वाजामियाँच्या दुकानासमोर गाडी उभी व्हती, आन् मी आत माझं गाठोडं बांधून राह्यले. दोन लुगडी, फणी, कुंकवाची डबी. एवढ्या वर्षांचा संसार आन् एवढंसं गाठोडं! मला रडू फुटलं. ख्वाजामियाँची बायको मैमूना चहा घेऊन आल्ती, तिनं कपबशी खाली ठेवली आन् माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. वयानं मोठी बाई, ह्यायच्यासमोर ती कधी बोलायची न्हाई. पर खाली उतरली आन् उभ्या उभ्या म्हणली,

"कडूबाभाई, तुम कभी पीछे लेटके देखे क्या?"

ह्यायनं मुंडी हलवली.

"न्हाई," म्हणले. "मी चालवतो."

"तभी तो," मैमूना म्हणली आन् डोक्यावरचा पदर सारखा करून घरात गेली.

मंग ख्वाजामियाँनं हात पुसले, आन् ह्यायच्या हातातली चावी घेतली. "जा कडूबाभाऊ. झोपा मागं. भाभी, तुम्ही पुढं या."

मी पुढच्या बाकड्यावर उशी घेऊन बसले. एवढ्या वर्षांत पुढं कधी बसले न्हवते. अगं बया, पुढं म्हंजी वेगळंच राज्य! समोर रस्ता दिसतो, खड्डा यायच्या आधी दिसतो, धरायला दांडी हाय. मला ह्यायचा असा राग आला की इचारू नका.

ख्वाजामियाँनं गाडी त्याच रस्त्याला घेतली, ह्यायच्याच वेगानं. फाटक आलं. दणका बसला. आन् माझ्या डोक्यावर घंटी वाजली.

टण्.

ख्वाजामियाँनं माझ्याकडं बघितलं. "थांबू का?"

"न्हाई," म्या म्हणलं. "जाऊ द्या जरा."

पुढं खड्ड्यांची रांगच व्हती. टण्. टण्. मी समोर बघत बसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटून राह्यलं व्हतं. ख्वाजामियाँ दाढीत हसत व्हता. मंग एक घंटी वाजली ती अगदी हळू, अर्धीच, दोरी ओढणाऱ्याच्या हातात जोर नसल्यासारखी. माझं हसणं तिथंच गेलं. ती घंटी मला ओळखीची व्हती. तशी मीच वाजवायची, लई दुखायचं तव्हा.

"थांबवा," म्या म्हणलं. "थांबवा हो लवकर."

हे मागच्या दारानं उतरले आन् रस्त्याच्या कडंला बाभळीखाली मातीत बसले. कमरेला हात, तोंड उतरलेलं. मी हळूहळू चालत त्यायच्यापर्यंत गेले. चप्पल मधीच गळाली असणार, मला कळलं न्हाई. ह्यायनं बघितलं. उठले, मागं गेले, चप्पल उचलून आणली, आन् माझ्या पायाशी बसून पायात घातली. भर रस्त्यात, ख्वाजामियाँच्या देखत. मला लाजच वाटली.

"रोज असंच?" त्यायनं विचारलं. वर बघितलं न्हाई.

"रोज."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"वर्सानुवर्स घंटी वाजवून राह्यले की."

ह्यायनं माझा पाय सोडला न्हाई. म्हणले, "मला वाटायचं, भांडायला वाजवती."

आता ह्याच्यावर माणसानं रडावं का हसावं? म्या दोन्ही केलं. ख्वाजामियाँ बिचारा गाडीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन चाकाची हवा तपासायला लागला, मघाशीच तपासलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दुकानासमोर ख्वाजामियाँ, कचरू आन् अजून दोन गडी उभे. हे आखाच्या पुढ्यात उकिडवे बसलेले. आखावरचा लाल कपडा बदललेला, नवं हळदीकुंकू.

"काय चाललंय?" म्या विचारलं.

"आख हलवतो. तुझी बाज मधी."

म्या म्हणलं, "अवं, वेड लागलं का? मामंजींचा नेम हाय. मरताना हात धरून सांगितल्तं तुम्हाला. उद्या पाळण्याला काही झालं तर? माझ्या पाठीसाठी नका करू असं."

आन् मंग आमच्या मुक्या माणसानं त्याच्या जन्मातलं सगळ्यात लांब बोलणं केलं. म्हणले, "काल मागं पडून राह्यलो तव्हा इचार आला. बाबांची बैलगाडी व्हती. तिला दोनच चाकं, आन् ती मधी. जड आख चाकांच्यावर पायजे, म्हणून बाबा तो मधी ठेवायचे. एस्टीची चाकं पुढं आन् मागं. बाबांनी चाकं बघितली, म्या नुसतं 'मधी' धरून बसलो. लोकांना आयुष्यभर वजन बघून बसवलं तू. आन् तुलाच म्या गाडीच्या शेपटीला बसवलं."

एवढं बोलून त्यायनं आखावर डोकं टेकवलं आन् हळूच म्हणले, मला ऐकू जावं असं न्हाई, पर मला गेलं: "बाबा, हिला जागा पायजे. ही न्हाई तर मी कुठं फिरू?"

लगीन झाल्यापासून ह्या माणसानं मला कधी मायेचं काही म्हणलं न्हवतं. आन् म्हणलं ते एका लोखंडाला. मी पदर तोंडात धरला आन् दुसरीकडं बघितलं.

मंग मात्र मी खुर्ची मागवली. कडुनिंबाखाली बसले आन् म्हणलं, आता सरका, हे काम माझं हाय. आख मागच्या चाकांच्या बराबर वरती, आडवा. पिंप डावीकडं, तर पिठाचा डबा आन् कपड्यांची पेटी उजवीकडं. "कचरू, उजवीकडं! जेवायचा हात!" पाळण्याच्या खुंट्या ठोकायचा मोठा हातोडा स्टोच्या समोरच्या अंगाला. ख्वाजामियाँ हात बांधून बघत व्हता. सगळं लागल्यावर तो गाडीखाली गेला, दोन्ही अंगांचे पाटे बघून आला, आन् म्हणला, "भाभी, दोन्हीकडं बराबर दबले." मी म्हणलं, "दबतीलच. मी भरलीय."

आन् पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत जी मोकळी जागा राह्यली, तिच्या ऐन मधी माझी बाज. बाजेवर ह्यायनं स्वतःची गोधडीबी टाकली, माझ्या गोधडीच्या खाली. दोरीला एक चिंधी बांधून ती माझ्या हातापर्यंत खाली आणली.

"ओढायची," हे म्हणले. "दुखलं तर ओढायची. ठरलंय ते ठरलंय, पर ओढायची."

"बरं," म्या म्हणलं. पर मनात म्हणलं, आता पाय तुटला तरी ओढायची न्हाई. ओढली की ओसरी.

कचरूला जत्रेत जागा धरायला पुढं पाठवलं. देवळाच्या वाटेवरची चिंचेखालची जागा दरसाल आमची, पर उशीर झाला की दुसरा कोणी खुंट्या ठोकतोच. उन्हं तापायच्या आत निघायचं ठरलं. मी बाजेवर पडले, चिंधी मुठीत घेतली आन् डोळे गच्च मिटले.

फाटक आलं. मी दम धरला. गाडी दबली, उठली, आन् पुढं गेली. बस्स. एवढंच? मी डोळे उघडले. दुसरा खड्डा आला. बाज नुसती हलली, लेकराच्या झोळीला कोणी हळूच हात लावावा तेवढी. खिडकीतून वारं येत व्हतं, पडदा हलत व्हता. पुढं इंजन गुरगुरत व्हतं आन् त्या गुरगुरीत मधून मधून ह्यायचा खोकला, पहिल्यांदाच गाडी चालू असताना मला ऐकू आला. मागून तो कधी ऐकूच येत न्हवता. मी म्हणलं, जरा डोळे मिटू.

जाग आली तव्हा गाडी उभी व्हती. इंजन बंद. निघताना ऊन डावीकडच्या खिडक्यांतून येत व्हतं, ते आता उजवीकडून आल्तं. माझ्या तोंडावर वारं येत व्हतं. बघते तर हे बाजेजवळ खाली मांडी घालून बसलेले आन् पुठ्ठ्यानं मला वारा घालून राह्यले.

मी धडपडत उठले. "जांब आलं का?"

"न्हाई."

"मंग? बंद पडली का?"

"न्हाई."

"मंग थांबले काहून? म्या घंटी वाजवली न्हाई! आई शप्पथ, न्हाई वाजवली!" मला भ्याव वाटलं, झोपेत दोरी ओढली का काय.

"म्हणूनच थांबलो," हे म्हणले. "एवढं अंतर झालं तरी वाजंना. तू हट्टी. म्हणलं, ओसरीच्या भ्यानं दात आवळून पडली असंल. भ्यालो मी. मागं आलो तर तू..." आन् पुठ्ठा थांबला. "घोरून राह्यली व्हतीस."

"मी घोरत न्हाई."

"घोरतीस."

"किती वेळ झाला?"

ह्यायनं खिडकीकडं बघितलं. "झाला."

"अवं, मंग उठवायचं न्हाई का! चिंचेखालची जागा गेली असंल आता. कचरू एकटा काय करंल तिथं? दरसालची जागा आपली!"

"जाऊ दे जागा," हे म्हणले. पुठ्ठा परत हलायला लागला. "तुला चालत्या गाडीत झोपलेलं म्या कधी बघितलं न्हवतं."

म्या त्यायच्याकडं बघितलं. मिशीला धूळ, डोळे लाल, हातात तो फाटका पुठ्ठा. किती तरी वेळ एकाच हातानं वारा घातला असणार, कारण त्यायचा दंड थरथरत व्हता, पाळणा फिरवून फिरवून थरथरतो तसा.

म्या त्यायच्या हातातून पुठ्ठा घेतला आन् म्हणलं, "जा, बसा पुढं."

"दुखतंय का?"

"न्हाई दुखत. जा म्हणते ना."

हे उठले, आखाला हात लावून नमस्कार केला आन् पुढं गेले. दार लागलेलं ऐकू आलं. इंजन सुरू झालं. पर गाडी हलंना. पुढून खोकल्याचा आवाज आला आन् मंग तोबी थांबला. कायदा म्हंजी कायदा.

मी चिंधी मुठीत घट्ट धरली आन् दोरी ओढली. एकदा. आन् लगेच परत एकदा.